उजवी कळी

देवावरचा विश्वास माणसं मोठ्या दुःखात गमावतात, असं ऐकलं आहे. माझा गेला तो तेलाच्या एका बोटाने. तो परत कसा आला, किंवा परत आला असं म्हणता तरी येईल का, हे मला आजही नेमकं सांगता येत नाही. जन्मभर मुलांना 'नेमकं बोला' म्हणून दटावणाऱ्या माणसाला ही कबुली द्यावी लागते आहे, यातच सगळं आलं. तरीही जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवावं, असं बरेच दिवस मनात होतं. सुमन, माझी पत्नी, म्हणते की लिहून टाका एकदाचं, नाहीतर लिहावं की नाही यावरही वर्षभर विचार करत बसाल.

आमचं घर शिरूर तालुक्यातलं, निमोण्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरचं. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घेऊन ते घाट उतरायचे, ते थेट उन्हाळा संपताना परतायचे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकून विहीर पाडली आणि ते ज्वारी-कांद्याला लागले. पण मेंढरांबरोबर देव काही गेला नाही. वस्तीच्या वरच्या अंगाला, माळाच्या चढावर आमच्या बिरोबाचं देऊळ आहे. देऊळ म्हणजे चार दगडी खांब, मध्ये रचलेल्या दगडांच्या भिंती आणि एक दार, वर पत्रा, आणि आत शेंदराने माखलेला गुडघ्याएवढा दगड. त्याला डोळे नाहीत, हात नाहीत, पण लहानपणी मला तो आमच्या घरातल्या सगळ्या माणसांपेक्षा जागा वाटायचा.

त्या देवाचा कौल लावायचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्या घराकडे होतं. कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवायच्या, एक देवाच्या उजव्या अंगाला चिकटवायची, एक डाव्या. ज्याचा प्रश्न असेल त्याने हात जोडून म्हणायचं, "देवा, असं करायचं असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे." मग सगळ्यांनी गप्प बसायचं. जी कळी आधी गळून पडेल ते देवाचं उत्तर. विहीर कुठे घ्यायची, लेक कुठल्या घरी द्यायची, रुसून गेलेल्या भावाला आणायला जायचं की नाही, असले प्रश्न घेऊन लोक मांडवगण फराट्याहून, भीमेच्या पलीकडून दौंडच्या बाजूनेही यायचे. मला अजून त्या गप्प बसण्याची आठवण येते. माळावरचं वारं पत्र्याखालून सूंऽऽ करत जायचं, तेलाचा आणि शेंदराचा वास यायचा, म्हातारी माणसंसुद्धा श्वास रोखून धरायची. कळी टपकन खाली पडली की मला वाटायचं, आत्ता देव बोलला. नंतर मी पुष्कळ ग्रंथ वाचले, पण त्या टपकन पडण्याइतकी खात्री मला कुठल्याही पानावर मिळाली नाही.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी पुण्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात होतो, तत्त्वज्ञान हा विषय घेतला होता, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो. एका सकाळी मांडवगणहून एक बैलगाडी आली. गाडीत एक माणूस आडवा पडलेला, पोट फुगलेलं, चेहरा पिवळा. बरोबर त्याची बायको, तिशीची असेल, आणि त्याचे वडील. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की लगेच पुण्याला न्या, पोट उघडावं लागेल. म्हातारा अडून बसला होता. "पोटाला सुरी लागली की मानूस उठत न्हाई," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "देव म्हनला तर नेतो. न्हाई म्हनला तर मरंना का, पर घरात मरंल." बाई गाडीच्या चाकाला धरून उभी होती.

आप्पा कळ्या घेऊन आत गेले. बाहेरच्यांना थांबवून मी त्यांच्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन गेलो, आणि मी ते पाहिलं. आप्पांनी समईत बोट बुडवलं आणि देवाच्या उजव्या अंगावरून तेल फिरवलं. मग धोतराच्या सोग्याने डावं अंग कोरडं ठक्क पुसलं. मग कळ्या लावल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा मी दारात होतो. आमची नजरानजर झाली. त्यांनी शांतपणे म्हाताऱ्याला हाक मारली. म्हाताऱ्याचं गाऱ्हाणं पुरतं तोंडातून बाहेरही पडलं नव्हतं, तोवर उजवी कळी घसरून खाली आली. म्हाताऱ्याने जमिनीला डोकं टेकवलं आणि गाडी शिरूरच्या दिशेने वळली.

त्या दुपारी मी आप्पांना म्हणालो, "तुम्ही लोकांना फसवता." ते म्हशीला पेंड कालवत होते. त्यांनी विचारलं, "कुनाला फसावलं?" मी म्हणालो, "त्या म्हाताऱ्याला. त्या बाईला. मलासुद्धा, इतकी वर्षं." ते हात धुऊन विहिरीकडे निघून गेले. मला वाटलं, चोर सापडला, आता बोलणार काय? वीस वर्षांच्या मुलाला बापाची चूक सापडण्याइतका आनंद कशाचा होत नाही, आणि तितकं दुःखही. मी त्या सुट्टीत लवकर पुण्याला परतलो. त्यानंतर सणासुदीला घरी जात राहिलो, आप्पांशी पिकापाण्याचं बोलत राहिलो, पण माळावरचा चढ पुन्हा चढलो नाही. त्यांनीही कधी 'देवाला जाऊन ये' म्हटलं नाही.

त्यानंतर मी जे काही शिकलो ते एका जिद्दीने शिकलो. कळीवर विश्वास ठेवून मी एकदा फसलो होतो. आता मला असं ज्ञान हवं होतं, ज्याच्या मागून कुणाला तेलाचं बोट फिरवता येणार नाही. तत्त्वज्ञानात ते मिळेल, असं मला मनापासून वाटत होतं. मिळालं भलतंच. एक म्हणायचा, डोळ्यांनी दिसतं तेवढं खरं. दुसरा म्हणायचा, डोळेच फसवतात, बुद्धी सांगेल ते खरं. तिसरा म्हणायचा, बुद्धीला तरी साक्षीदार कोण? प्रत्येकजण आधीच्याचं घर पाडून त्याच विटांनी आपलं बांधत होता. एम.ए. झालो तेव्हा मला सगळ्यांचं सगळं खोडून काढता येत होतं, आणि माझं स्वतःचं म्हणून एक वाक्यही ठामपणे उभं करता येत नव्हतं. पुढे दौंडच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला लागलो आणि पीएच.डी.साठी विषयही तोच घेतला: तत्त्वज्ञानात निश्चित ज्ञान शक्य आहे का? मुलांनी माझं नाव शंकासुर ठेवलं होतं. ते मला कळलं तेव्हा राग येण्याऐवजी बरंच वाटलं.

दौंडचे ते दिवस आठवले की आज हसू येतं आणि थोडं भरूनही येतं. रेल्वेच्या शिट्ट्यांवर तासिकांच्या वेळा जुळायच्या. हिवाळ्यात वर्गाच्या खिडकीतून लांबवर गुऱ्हाळांचा धूर दिसायचा, आणि अनुमान शिकवायला मला त्याचा फार उपयोग व्हायचा. धूर आहे, म्हणजे तिथे विस्तव आहे. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, तसं न्हाई. आमच्या गुऱ्हाळाचं चुलवाण विझल्यावर बी धूर येतो. पर रस प्यायला यायचं आसंल तर या, धूर बघूनच यावं लागतंय." वर्ग हसला, मीही हसलो. माझ्या प्रबंधाचा प्रश्न त्याने सोडवला होता, आणि मी त्याला 'बस खाली' म्हटलं होतं.

सुमन माझ्या आयुष्यात आली ती याच काळात. ती शाळेत शिक्षिका होती, हसरी आणि थेट बोलणारी. लग्नाला पाचेक वर्षं झाली असतील, तेव्हा तिला जिना चढताना धाप लागायला लागली. आधी आम्ही दोघांनीही दुर्लक्ष केलं. मग एका दिवाळीत फराळाचे डबे घेऊन येताना ती पायरीवरच बसली आणि तिचे ओठ निळसर झाले. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की लहानपणच्या तापाने हृदयाची एक झडप खराब झाली आहे, ऑपरेशन करायला हवं, आणि फार थांबू नका.

मी विचारलं, "नक्की बरी होईल ना?" डॉक्टर म्हणाले की बहुतेक जण बरे होतात, पण खात्री कुणाचीच देता येत नाही. बस, तेवढंच वाक्य मी घरी घेऊन आलो. मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, तिसऱ्यांना विचारलं. एकजण म्हणाले लगेच करा, दुसरे म्हणाले औषधांवर थोडं बघू, तिसरे पुन्हा म्हणाले करा. मी वहीत दोन बाजूंनी कारणं मांडत बसलो. आमच्या कॉलेजात गायकवाड सर अर्थशास्त्र शिकवायचे. बुद्धवंदनेखेरीज कुठल्या देवाधर्मात न पडणारे, सरळ माणूस. एकदा ते स्टाफरूममध्ये चहा पिता पिता म्हणाले, "सर, राग मानू नका. थांबायचं ठरवताना तरी तुम्हाला कुठे खात्री होती? ते बरं बिनखात्रीचं जमलं!" तरी मी थांबलोच. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी आली. सुमन आता उशा रचून बसल्या बसल्या झोपायची.

तिची तयारी पहिल्या दिवसापासून होती. मी एकदा वैतागून म्हणालो की तूच ठरव, तुझा जीव आहे. ती म्हणाली, "माझं कधीच ठरलंय. मला भीती तुमची वाटते. माझं काही बरंवाईट झालं, तर चूक कुणाची हे तुम्ही जन्मभर शोधत बसाल. तसं तुम्हाला मागे ठेवून मला त्या टेबलावर जायचं नाही. खात्री नसली तर नसू दे हो, पण तुमच्या मनाने 'चल' म्हणा. मग मी जाते." इतकं बोलायलाही तिला तीनदा थांबावं लागलं. मी सगळी पुस्तकं वाचलेला माणूस, आणि मला ते एक 'चल' म्हणता येत नव्हतं.

चैत्रात एका रविवारी सकाळी सुमनजवळ तिच्या आईला बसवून मी शिरूरच्या एसटीत चढलो. कुठे जातो ते सांगायची लाज वाटली. 'आप्पांना बघून येतो' म्हणालो. फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चालत गेलो. आप्पा आता थकले होते. उजवा हात सतत कापायचा, पेला धरला की पाणी सांडायचं. कौल लावणं त्यांनी सोडून दोन वर्षं झाली होती. मी त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी, जमिनीकडे बघत, म्हणालो, "कौल लावायचाय."

मला वाटलं, ते आता तेरा वर्षांचा हिशेब चुकता करतील. त्यांनी फक्त विचारलं, "सुमननं खाल्लं का सकाळी?" मग काठी घेऊन उठले. चढ चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्या हातानं कळी ऱ्हात न्हाई आता. तूच लाव."

मी कळ्या लावल्या. आणि कशा लावल्या! आयुष्यभराची शिकवण पणाला लावली. आधी ओल्या फडक्याने देवाची दोन्ही अंगं पुसून तेलाचा अंश काढला, मग कोरड्या फडक्याने पुन्हा पुसलं. दोन्ही कळ्या सारख्या आकाराच्या निवडल्या, सारख्या भिजवल्या, सारख्या दाबल्या. वाऱ्याची बाजू पाहून आडोशाला पोतं बांधलं. कुणाचं बोट मध्ये येऊ नये, आप्पांचं नाही, माझं तर नाहीच नाही. मग हात जोडून म्हणालो, "न्यायचं असेल तर उजवी दे, नसेल तर डावी." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

कळ्या पडेनात. अर्धा तास गेला, तास गेला. आप्पा खांबाला टेकून बसले होते. ऊन पत्र्यावर तापायला लागलं. कळ्या जशा चिकटवल्या होत्या तशाच होत्या, दोन्ही, अगदी न्यायाने. शेवटी आप्पा हळूच म्हणाले, "लई कोरडं केलंस बाबा. देवाला सरकायला जागाच ठिवली न्हाईस."

मला रडूच कोसळलं. मी बाहेर येऊन लिंबाखाली बसलो. तेवढ्यात खालून चढावर एक बाई येताना दिसल्या. डोक्यावर टोपली, हातात तांब्या. जवळ आल्या तेव्हा वय चाळिशीच्या पुढचं वाटलं, कपाळ मोकळं. माझ्यासारख्या पुरुषाला रडताना बघून त्या थबकल्या. मग टोपली उतरवून म्हणाल्या, "आप्पांचं तुमी थोरलं ना? पुन्याला शिकायला व्हते ते?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मी मांडवगनची हौसा. दर चैतात दहीभाताचा निवद घिऊन येती. तुमी कवा दिसलं न्हाई."

त्यांनी नाव सांगितलं तरी मला ओळख पटली नाही. पण टोपलीला धरलेले ते हात पाहिले आणि बैलगाडीचं चाक आठवलं. ती हीच बाई होती. मोकळं कपाळ दिसत असूनही मी घाबरत विचारलं की तुमच्या मालकांचं पुढे काय झालं.

"ते गेले की," त्या सहज म्हणाल्या. "पोट उघाडलं, आत सगळं नासलेलं व्हतं. चार म्हैने निगाले."

मग तेरा वर्षं उराशी धरलेली गोष्ट मी बोलून टाकली. म्हणालो, "ताई, त्या दिवशीचा कौल खरा नव्हता. आप्पांनी उजव्या बाजूला तेल लावलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना सूर्य उगवतो हे सांगत होतो. "मला ठावं हाय की," त्या म्हणाल्या. "तवाच ठावं व्हतं. कळी कुठं अशी पळत येती व्हय? देवानं सांगायला पायजे व्हतं ते माझ्या सासऱ्याला. मला न्हवतं पायजे. माझं तर आदीच ठरल्यालं." त्या पुढे म्हणाल्या, "आन् आप्पा सोता आलं व्हतं आमच्याकडं, तेराव्याला. चालत. सगळ्यांम्होरं हात जोडून म्हनलं, फूल म्या पाडलं, देवानं न्हाई, शिव्या द्यायच्या तर मला द्या. सासरं आमचं रडलं, आन् आप्पास्नी पोटाशी धरलं."

मी विचारलं, "पण माणूस तर वाचला नाही. मग तुम्ही निवद कशाचा आणता?"

"भाऊ, ते बिनइलाजाचे गेले आसते तर माझ्या जिवाला लागून ऱ्हायलं आसतं. माझ्या हातात व्हतं तेवढं म्या केलं. म्होरचं त्याच्या हातात व्हतं, ते त्यानं केलं. माझं देवाशी भांडान न्हाई ऱ्हायलं, त्याचा निवद." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "तेल लावायची बुद्दी त्या दिशी आप्पाला कुनी दिली, ते तरी तुमाला कुठं दिसलं?"

मी लिंबाखाली तसाच बसून राहिलो. इतकी वर्षं मला जगात एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, की माझ्या बापाने एका बाईला फसवलं. बाकी सगळ्यावर मी शंका घेतली, त्या एका गोष्टीवर कधी घेतली नाही. डोळ्यांनी पाहिलं होतं ना! तेल पाहिलं होतं, तेरावा पाहिला नव्हता. आप्पांनी मला 'कुणाला फसवलं?' म्हणून विचारलं होतं. तो खरोखरीचा प्रश्न होता, आणि मी त्याला पळवाट समजलो. ज्या म्हाताऱ्याने त्या दिवशी कौलावर विसंबून गाडी वळवली त्याच्यापुढे ते उघडे झाले होते, आणि मला, पोटच्या मुलाला, कधी एका शब्दाने 'तू चुकतोस' म्हणाले नव्हते. मला माझी लाज वाटली. आणि लाजेच्या खालून, कसं ते सांगता येत नाही, एक मोकळेपणा वर आला. जाणून घेण्याचं माझं सगळं संपलं होतं आणि तरीही सुमनला 'चल' म्हणता येईल, असं मला त्या क्षणी अगदी साधेपणाने वाटलं. खात्री आली नव्हती. फक्त तिची गरज उरली नव्हती.

हौसाताई तांब्या भरून आणायला विहिरीकडे गेल्या. मी उठून आत गेलो. देवाच्या दोन्ही अंगांना काहीच नव्हतं. दोन्ही कळ्या खाली पडलेल्या होत्या, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. आप्पा खांबाला टेकून बसले होते तसेच होते, डोळे उघडे.

"कधी पडल्या?" मी विचारलं.

"मगाशी."

"आधी कोणती पडली?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "तुझं काय ठरलं?"

"न्यायचं ठरलं. उद्याच."

"मंग उजवीच पडली," ते म्हणाले.

"आप्पा, खरं सांगा."

"खरंच सांगतोय," असं म्हणून त्यांनी कापरा हात माझ्या डोक्यावर ठेवला. तो इतका हलत होता की माझं सगळं डोकं हलत होतं. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, आणि मग देवाच्या. तेरा वर्षांनी. दगड गार होता आणि मी घासून काढल्यामुळे जरा ओकाबोका दिसत होता. मी समईत बोट बुडवलं आणि त्याच्या दोन्ही अंगांना तेल लावलं. हौसाताईंचा दहीभात आम्ही तिघांनी तिथेच पत्र्याखाली खाल्ला. त्यांना शिरूरहून मांडवगणची गाडी गाठायची होती. त्या टोपली उचलून उतारावरून निघून गेल्या. त्या वर्षी चैत्रातला त्यांचा येण्याचा दिवस नेमका तोच रविवार कसा निघाला, हा प्रश्न एरवी मी सोडला नसता. तेव्हा सोडला.

घरी पोहोचलो तेव्हा सुमन खिडकीपाशी बसली होती. मी चपला काढायच्या आधीच म्हणालो, "चल." तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, तपासून बघावं तसं, आणि म्हणाली, "चला."

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. पुण्याच्या त्या हॉस्पिटलात सहीचा कागद समोर आला, त्यावर काय काय होऊ शकतं याची लांबलचक यादी होती. मी ती सगळी वाचली, सवयच होती, आणि सही केली. ऑपरेशन चाललं तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. गायकवाड सर शेजारी बसले होते. मी काही मागितलं नाही. माझ्या हातात होतं तेवढं झालं होतं, आणि आता उरलेलं ज्याच्या हातात आहे त्याने करावं, एवढंच मनात होतं. तसं गप्प बसणं मी लहानपणी केलं होतं, कळी पडायची वाट बघत. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की झालं सगळं नीट.

प्रबंध मी दोन वर्षांनी पूर्ण केला. तोंडी परीक्षेत एका वयस्कर परीक्षकांनी विचारलं, "चारशे पानं झाली, पण निश्चित ज्ञान शक्य आहे की नाही, तुमचं स्वतःचं काय मत?" मी म्हणालो, "सर, मला अजून माहीत नाही. पण त्याच्यावाचून माझं अडत नाही आता." ते हसले आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. तेलाची गोष्ट त्यांना सांगावी असं फार वाटलं होतं, पण सांगितली नाही.

आप्पा नंतर पाच वर्षं होते. शेवटच्या आजारात मी रजा काढून त्यांच्या उशाशी बसायचो. एक-दोनदा ओठांवर आलं होतं, आप्पा, आता तरी सांगा, आधी कोणती पडली होती? वारं आलं होतं, की तुमचा हात लागला, की तुम्ही डोळे मिटून बसला होता आणि तुम्हालाही ठाऊक नाही? विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं कदाचित. मी त्यांचा कापरा हात हातात धरून बसायचो आणि कांद्याच्या भावाचं बोलायचो. त्यांच्याबरोबर ते उत्तर गेलं, आणि मला त्याची रुखरुख नाही. आज त्या माळावरचं एवढंच आठवतं की मी सगळे दरवाजे लावून घेतले होते, आणि जी कृपा यायची ती मांडवगणहून टोपली डोक्यावर घेऊन चालत आली.

आता दर चैत्रात आम्ही दोघं माळावर जातो. दहीभात सुमन करते. हौसाताई येतात तेव्हा तिघं मिळून बसतो. परवा चढ चढताना सुमनने अचानक विचारलं, "खरंच हो, त्या दिवशी कोणती कळी आधी पडली होती?"

"उजवी," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिलीत?"

"नाही."

ती हसली आणि डबा दुसऱ्या हातात घेऊन पुढे चालू लागली. चढ होता, पण ती कुठे थांबली नाही. मीच मागे राहिलो होतो.